सकाळची ठिणगी

आमच्या घरमालकांची माझी पहिली आठवण म्हणजे दोन पाय. अंगणात एक फटफटी उभी होती, तिच्यावर काळी घोंगडी टाकलेली होती आणि घोंगडीखालून कोणाचे तरी पाय बाहेर आले होते. मी घागर घेऊन न्हाणीकडे चालले होते. मला वाटले, कोणाला पडसे झाले आहे आणि वाफारा घेणे चालले आहे. तेवढ्यात घोंगडीतून आवाज आला.

"कोन हाये? जरा इकडे या बरं."

अनोळखी माणसाने हाक मारली की मी जागच्या जागी थिजते. तशीच उभी राहिले. घोंगडी बाजूला झाली आणि एक साठीकडे आलेले गृहस्थ दिसले. धोतर गुडघ्यावर खोचलेले, नाकाच्या शेंड्याला काजळीचा ठिपका. आम्ही आदल्याच संध्याकाळी त्यांच्या घरात राहायला आलो होतो. त्यांनी मला नाव विचारले नाही, की प्रवास कसा झाला हेही विचारले नाही.

"बाई, तुमचे डोळे तरणे हायेत. मी किक मारतो, तुमी आत पाहा. निळी हाये का पिवळी, तेवढं सांगा."

"काय निळी?"

"ठिणगी वो! दुसरं काय रायते तिथी?"

घोंगडीखाली पेट्रोलचा आणि मेंढीच्या केसांचा वास कोंडला होता. इंजिनातून काढलेला प्लग, त्याची तार तशीच जोडलेली ठेवून, इंजिनाच्या डोक्यावर आडवा टेकवला होता. बाहेरून त्यांनी किक मारली. टिक् असा आवाज आला आणि प्लगच्या टोकाशी एक निळा ठिपका उडाला.

"निळी," मी म्हणाले.

"पक्की?"

"निळीच आहे."

मी डोके बाहेर काढले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. मी जणू घरात काही अशुभ घडल्याची बातमी आणली होती. ते घोंगडीची घडी घालू लागले. "सकायची निळीच असते," ते पुटपुटले. "रोज निळीच."

आपण काहीतरी चुकीचे सांगितले असे मला दिवसभर वाटत राहिले. ठिणगी निळी आणि ठसठशीत असणे म्हणजे फटफटी ठणठणीत असणे, हे मला नंतर कळले. आणि ठणठणीत फटफटीत ते दुखणे शोधत होते.

तेव्हा आई जाऊन फार काळ झाला नव्हता. मी नागपूरला वसतिगृहात राहून शिकत होते. शाळा नन्सची, कॉलेजही इंग्रजीच. आई गेली आणि बाबांची बदली गोंडपिपरीच्या तहसिलीत झाली. बाबांना साधा भातही लावता येत नसे, म्हणून मी कॉलेज सोडले आणि ट्रंक घेऊन त्यांच्याबरोबर आले. गावात माझ्याशी बोलण्यासारखे कोणी नव्हते, आणि असते तरी मी बोलले नसते. बायका मला 'सायबाची पोट्टी' म्हणत आणि विहिरीवर मी गेले की बोलणे थांबवीत.

बाबांना घोंगडीची गोष्ट समजली तेव्हा ते म्हणाले, "त्या घोंगडीखाली पुन्हा डोकं घालायचं नाही." दुसऱ्या दिवशी घरमालक धुतलेला सदरा घालून आमच्या दारात उभे. हात जोडून म्हणाले, "सायेब, पोरीचे डोळे सकायी जरासे द्या. माह्या डोळ्यांवर माहा भरोसा नाई." आई गेल्यापासून मी बाबांना हसताना पाहिले नव्हते. त्या दिवशी ते हसले, आणि माझे डोळे रोज सकाळी घरमालकांकडे जाऊ लागले.

सगळे गाव त्यांना भाऊ म्हणे. मीही तेच म्हणायला लागले. त्यांचे वडील सागाचे लाकूड जंगलातून वाहून आणायच्या गाड्या हाकत. भाऊंचे लहानपण त्या गाड्यांवर गेले. पुढे ते एका जंगल-ठेकेदाराकडे मुकादम झाले. लढाई संपल्यावर सरकारने लष्कराचा माल लिलावात काढला, तेव्हा ठेकेदाराने ही फटफटी आणली. ती त्याला रस्त्यात दगा देऊ लागली तशी त्याने ती भाऊंच्या गळ्यात बांधली. हिरवा रंग बऱ्याच ठिकाणी उडाला होता. टाकीवर एक पांढरा आकडा होता, तो मात्र भाऊ दर दसऱ्याला चुन्याने गिरवीत. तो आकडा कोणत्या पलटणीचा, ते त्यांना ठाऊक नव्हते. "तिचं गोत्र असन," ते म्हणत.

या फटफटीला बॅटरी नव्हती. इंजिनाच्या शेजारी मॅग्नेटो नावाचा एक नारळाएवढा डबा होता. इंजिन फिरले की तो वीज तयार करी, ती तारेतून प्लगपर्यंत जाई, तिथे ठिणगी पडे आणि पेट्रोल पेटे. एवढे मला पहिल्या महिन्यातच कळले, कारण भाऊ रोज सकाळी सगळी परीक्षा पहिल्यापासून घेत. आधी प्लग. मग तार, टोकापासून टोकापर्यंत बोटाने चाचपून. मग मॅग्नेटोचे झाकण काढून आतले दोन छोटे पॉइंट, त्यांच्यामधली फट पोस्टकार्डाच्या कोपऱ्याने मोजून. पॉइंटवर ऊन पडावे म्हणून मी हातात आरसा धरून उभी राहायची. हात भरून येत, खांदा दुखू लागे. भाऊंचे माझ्याकडे लक्ष नसे. एकदा आरसा हलला तर म्हणाले, "सूर्य काऊन हालून राह्यला?"

मी एकदा विचारले, "भाऊ, तार काल तर पाहिली होती."

"कालची काल पाह्यली. आजची कोन पाहीन?"

आणि सगळे व्यवस्थित निघे. प्लग बसवला की पहिल्या किकला फटफटी बोलू लागे. भाऊ तिच्यावर बसून नाक्यापलीकडे जात. थंडी असली तर बरेच दूर जात, ऊन चढले असले तर जवळच. मग इंजिन तापे, ते खोकल्यासारखा आवाज करी आणि बंद पडे. मग कितीही किका मारा, ते चालू होत नसे. भाऊ मात्र किका मारतच नसत. ते 'बंद पडली' असेही कधी म्हणाले नाहीत. 'बसली' म्हणत. बसली की ते तिला सावलीत नेत, ओले पोते इंजिनावर टाकत आणि शेजारी बसून राहत. ती तासाभराने निवली की पुन्हा चालू होई. पण भाऊंना ते पटत नसे. बसलेल्याला त्याच दिवशी पुन्हा जुंपणे त्यांना मान्य नव्हते. ते येणाऱ्या एखाद्या बैलगाडीला तिला मागून बांधत आणि स्वतः पायी चालत घरी येत. घरी आल्यावरही तिला हात लावीत नसत. "आता इसावा घेऊ द्या. सकायी पाहू." सकाळी इंजिन थंडगार असे आणि ठिणगी निळी असे.

बैलाची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही पॉइंट पुसता पुसता, माझ्याकडे न बघता. चढावर त्यांच्या वडिलांचा एक बैल बसला होता. गाडीत सागाचा ओंडका होता. वडिलांनी तुतारी, म्हणजे टोकाला आर असलेली काठी, टोचली. तो उठला नाही. पुन्हा टोचली.

"मंग?" मी विचारले. त्यांच्याबरोबर राहून मीही 'मंग' म्हणायला लागले होते.

"मंग उठला. उठला, दोन पावलं चालला, अन् गेला." त्यांनी पॉइंटवर फुंकर मारली. "बसू देल्लं असतं तं जगला असता. मी तवा बापाले काई बोललो नाई. लहान होतो. पन बसल्या जनावराले हात लावाचा नाई, हे तवाच मनात धरलं."

फटफटीबरोबर ठेकेदाराने एक पुस्तकही दिले होते. लष्कराचे, इंग्रजी, खाकी पुठ्ठ्याचे, पानापानावर तेलाचे डाग. भाऊंना इंग्रजी येत नव्हते, पण ते पुस्तक त्यांनी देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवले होते. मला इंग्रजी येते हे कळले तेव्हा त्यांनी दुपारी हातपाय धुतले, पाट मांडला, मांडी घातली आणि म्हणाले, "वाचा." एखादी पोथी ऐकावी तसे ते ऐकत. मी एक वाक्य इंग्रजीत वाचायचे आणि मग मराठीत सांगायचे. इंग्रजी वाक्य वाचल्याशिवाय नुसते मराठी सांगितलेले त्यांना चालत नसे. "आधी थ्याइचं ऐकू द्या," ते म्हणत. एवढी वर्षे फी भरून शिकलेल्या माझ्या इंग्रजीचा त्या गावात झालेला उपयोग एवढाच.

शेवटच्या प्रकरणात आम्हाला ते सापडले. गाडी थंड असताना नीट चालू होते, तापल्यावर बंद पडते आणि निवेपर्यंत चालू होत नाही, असे असेल तर मॅग्नेटोच्या आतले तारेचे वेटोळे किंवा त्याच्या शेजारचा कंडेन्सर खराब झाला आहे असे समजावे. तो तपासायचा तर गाडी गरम असतानाच तपासावा, कारण थंड झाल्यावर दोष दिसत नाही. मी ते वाचले आणि मराठीत सांगताना माझा आवाज चढला. मी दुसऱ्यांदा सांगितले. "भाऊ, तिला रस्त्यात बसल्या बसल्या तपासायचं. लगेच, गरम असतानाच. तेव्हा ठिणगी पिवळी दिसेल, किंवा दिसणारच नाही."

भाऊंनी पुस्तकाकडे बोट केले.

"हे इलायतेचं पुस्तक हाये ना?"

"हो."

"तिथी थंडी किती रायते?"

"खूप. बर्फ पडतं."

"मंग त्याइले गाडी गरम होन्याचं कौतुकच असन." ते पाटावरून उठले आणि पुस्तक फळीवर परत ठेवले. "पुस्तक चांगलं हाये. पन त्यानं बैल नाई पाह्यले."

चांद्याहून प्रवासी घेऊन येणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर एक मुसलमान मिस्त्री असे. मोटार मुक्कामी थांबली की तो आमच्या अंगणात डोकावे, भाऊंना चिडवणे हा त्याचा विरंगुळा होता.

"क्या भाऊ, मरीज कैसा है?"

"सकायी बरी होती."

"अरे, सकायी तो सब बरे रहते! बीमार को डाक्टर कब दिखाते? बुखार उतरने के बाद? बुखार चढा है तभी दिखाओ ना! एक दिन मेरेकू खबर करो, मैं रास्ते में आके गरम गरम खोलता इसको."

"थकल्यावर अंग उकलतेत का कोनाचं?"

"और ये गीला पोता मत डालो भाऊ, अल्ला की कसम. मॅग्नेटो और पानी की दुश्मनी है. तुम लाड करते करते इसकी जान ले रहे."

"तिले थंड वाटते."

"उसने बताया तुमकू?"

"हो," भाऊ म्हणाले. मिस्त्री कपाळाला हात लावून निघून गेला.

हे सगळे नुसत्या छंदापायी असते तर मी त्यांच्याकडे बघून हसले असते. पण भाऊंची बायको वरोऱ्याला भावाकडे निघून गेली होती. आम्ही राहायला येण्याच्या आधीच. भाऊंच्या म्हणण्याप्रमाणे भांडण वगैरे काही झाले नव्हते. "गाडी रस्त्यात बसली म्हून रुसली थे," ते सांगत. "मनाली, तुमची फटफटी न बसता वरोऱ्यापावत येईन, तवा या मले घ्यायले. आता गाडी सुधारली का झालं." रोज सकाळी घोंगडीत डोके खुपसून ते शोधत होते ते एवढ्यासाठी. तिची चौकड्यांची हिरवी लुगडी दोरीवर वाळत घातलेली असत. ती वापरात नव्हती, तरी भाऊ ती मधूनमधून धुवून वाळवीत. "कुबट वास येऊ नये," म्हणत.

ते किती वेळा वरोऱ्याला निघाले हे मी मोजले नाही. प्रत्येक वेळी संध्याकाळी एखाद्या बैलगाडीच्या मागे फटफटी येई आणि तिच्या मागे भाऊ. नाक्यावर बसलेली माणसे विचारीत, "काय भाऊ, सासुरवाडी आली का?"

"अर्धी आली," भाऊ उत्तर देत. चेहरा गंभीर. ते लोकांना टोमणा परत देत आहेत की खरेच सांगत आहेत, हे मला कधीच ओळखता आले नाही.

बाबांची बदली झाली, गोंडपिपरी सुटली. मध्यंतरी तहसिलीतला एक शिपाई भेटला. मी भाऊंचे विचारले. म्हणाला, "हायेत ना. फटफटी घेऊन कुठी जात नाईत आता. पन सकायी घोंगडी असते." घरात कोण आहे, हे मी विचारले नाही. मला माहीत होते.

मला ते माहीत आहे, कारण भाऊ वरोऱ्याला पोचले त्या दिवशी मी तिथेच होते.

आम्ही गोंडपिपरीत असतानाचे, मार्गशीर्षाचे दिवस होते. नागपूरला मामांकडे मला बघायला कोणी येणार होते. मामांचे वरोऱ्यात कापसाचे काम होते, ते उरकून दुसऱ्या दिवशी दुपारच्या रेल्वेगाडीने ते मला पुढे नेणार होते. बाबांना रजा नव्हती, ते मला वरोऱ्यापर्यंत सोडून परत फिरणार होते. एक रात्र कुठे काढायची असा प्रश्न आला तेव्हा भाऊ म्हणाले, "माह्या सासुरवाडीले रायन पोरगी. घरचंच हाये." आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिले सांगा, उद्या येतो. आता थंडी हाये. थंडीत थे बसत नाई."

भाऊंची बायको उंच, काळीसावळी आणि माझ्यासारखीच कमी बोलणारी होती. तिचा भाऊ जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता, घराच्या कौलांवर, तुळशीवर, सगळीकडे कापसाचे तंतू बसलेले होते. मी तिला काकू म्हणाले आणि निरोप सांगितला. ती तूर पाखडत होती. सूप थांबले नाही.

"कशे येनार? त्याच फटफटीवर?"

"हो."

"अजून तिच्यातच हायेत." सूप आणखी दोनदा झटकून ती म्हणाली, "तुमाले काय सांगतलं त्याइनं? मी काऊन आली म्हून?"

मी सांगितले. गाडी बसली म्हणून रुसली.

ती हसली नाही. तिने सूप खाली ठेवले.

"वैशाख होता. लग्नाहून येत होतो आमी. सागाचं जंगल, पान नाई झाडाले. एकच पळस होता, त्याच्या सावलीत त्याइनं फटफटी लावली. मले मनाले, नाल्यावरून पानी आन, पोतं भिजवाले. मी गेली. नाला कोरडा. रेतीत हातानं झिरा खांदला, पानी झिरपे तसं वंजळीनं लोटा भरला. चप्पल रेतीतच राह्यली माही, पाय भाजून राह्यले होते. आली. घोटभर मले ठेवा असं म्हनासाठी तोंड उघडलं, तवरिक लोटा पोत्यावर रिता केला त्याइनं." तिने सुपातला एक खडा उचलून फेकला. "अन् मले मनाले, आता बरं वाटन तिले."

मी तिच्या पायांकडे पाहिले.

"फटफटीचं निमित्त मीच देल्लं. दुसरं काय सांगू? पानी मांगतलं नाई, देल्लं नाई. हे कोनाले सांगाले बरं दिसते?" आणि पुन्हा सूप हातात घेत ती म्हणाली, "पन येतो मनले तं येऊ द्या. भावाच्या घरी किती दिवस राहाचं बाईमानसानं. आली न बसता, तं जाईन मी."

सकाळी तिने पेटी भरली. भावजयीला भाकरी करू दिल्या नाहीत, स्वतः केल्या, त्यातल्या चार फडक्यात बांधल्या. मामा निरोप देऊन गेले होते की तयार राहा. मी माझी ट्रंक ओट्यावर ठेवून बसले होते. आणि मला तो आवाज ओळखू आला. कापसाच्या गाड्यांच्या रांगेतून वाट काढत भाऊ आले. कानाला मफलर, डोळ्यांतून थंडीचे पाणी, मिशीवर धूळ. गल्लीत पोरे गोळा झाली. भाऊंनी फटफटी दारासमोर उभी केली आणि इंजिन बंद केले.

"न बसता," ते म्हणाले. "एकदाई नाई बसली."

माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, तुमी साक्षी हा."

काकू दारात आली. डोक्यावर पदर, अंगावर नवे लुगडे. तिने आत जाऊन तांब्या-पेला आणला आणि त्यांच्या हातात दिला. ते प्यायले. ती भावाच्या पाया पडली आणि तिने पेटी भाऊंच्या हातात दिली. भाऊंनी ती दोरीने मागे बांधली. काकू एका बाजूला पाय घेऊन मागे बसली. तिचा एक हात भाऊंच्या खांद्यावर होता. मी तिच्याकडे बघत होते. ती कोणाकडेच बघत नव्हती, पण तिच्या चेहऱ्यावरचे काहीतरी सैल झाले होते.

भाऊंनी किक मारली. काही झाले नाही. एवढा वेळ धावून आलेले इंजिन आता उभ्या उभ्या तापले होते. त्यांनी पुन्हा मारली. मग ते थांबले. खाली उतरले. काकूही उतरली.

"बसली," भाऊ म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, उलट माया होती. "लय लांबून आली. दमली थे."

मी ओट्यावरून उठले. इतक्या माणसांसमोर मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. "भाऊ, आत्ता पाहूया. गरम आहे ती. आत्ताच दिसेल. मी प्लग धरते."

"नाई बाई. दमल्यावर नाई."

"भाऊ, एकदाच."

ते वाकून इंजिनाजवळ हात नेत होते, ऊब बघत होते. आणि मान वर न करता, घरात असताना म्हणत असतील तसे, म्हणाले, "जरा पानी आन वो. पोतं भिजवाले."

काकू क्षणभर उभी राहिली. मग आत गेली. कळशी भरून आणली, पायरीवर ठेवली, दोरी सोडून आपली पेटी काढून घेतली आणि आत गेली. भाऊंनी कळशी उचलली. पेटी गेल्याचे त्यांना दिसले की नाही, मला सांगता येणार नाही.

पुढचा तास मी ओट्यावर बसून काढला. गल्लीतली पोरे कंटाळून गेली. काकूचा भाऊ एकदा बाहेर आला, खाकरला आणि आत गेला. आतून भांड्यांचा आवाज येत होता. भाऊ पोत्यावर हात ठेवून बसले होते. शेवटी, त्या एका दिवशी आपला नेम मोडून, त्यांनी पोते काढले, किक मारली, आणि फटफटी लागलीच बोलू लागली.

त्यांनी दाराकडे पाहिले. चेहरा असा उजळला होता की मला तिकडे बघवले नाही. "चाल वो," ते ओरडले. "चालू झाली!"

कोणी आले नाही.

ते वाट पाहत बसले. इंजिन बंद करायची त्यांना भीती वाटत होती, हे मला समजत होते. एकदा बंद केले आणि नाही चालू झाले तर? म्हणून ते फटफटीवर तसेच बसून राहिले, मुठीने हळूहळू आवाज वाढवत, कमी करत, दाराकडे बघत. "येते थे," ते मला म्हणाले. "पेटी घेत असन." पेटी आतच होती, हे मला माहीत होते. काकू न्हाणीजवळ बसून भाकरीचा तवा घासत होती. दारातून मला तिची पाठ दिसत होती. एवढ्या आवाजातही ती वळली नाही.

निळा धूर गल्लीत भरला. फटफटी जागच्या जागी तापत होती. आवाज आधी जाड झाला, मग तुटक. भाऊंनी मूठ पिळली. ती दोनदा खोकली आणि बंद पडली.

गल्लीत एकदम इतकी शांतता झाली की जिनाचा घरघराट ऐकू येऊ लागला. मामा टांगा घेऊन आले होते. त्यांनी माझी ट्रंक उचलली आणि म्हणाले, "चल, गाडीची वेळ झाली." मी निरोप घ्यायला आत जाणार तोच काकू उठून आली आणि तिने दार लावले. आतून कडी घातल्याचा आवाज झाला, लोखंडावर लोखंड, चांगला मोठा.

भाऊ फटफटीशेजारी जमिनीवर बसले होते, निजलेल्या लेकरावर ठेवावा तसा एक हात टाकीवर. त्या आवाजाने त्यांनी दचकून दाराकडे पाहिले आणि ओठांवर बोट ठेवले.